साडेसात कोटींची शांतता

मोटारींविषयी कवीनं बोलावं हे थोडं विचित्र वाटेल. पण किंमत आणि मोल यांतला फरक हा कवींचा फार जुना विषय, आणि आज बोलायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दलच. निमित्त आहे विजेवर चालणाऱ्या दोन मोटारींचं.

जानेवारी २०२४ मध्ये रोल्स-रॉईस कंपनीनं आपली पहिली विजेची मोटार भारतात विक्रीला आणली. तिचं नाव ‘स्पेक्टर’. किंमत साडेसात कोटी रुपये, तीही शोरूममधली. नोंदणी आणि विमा वेगळा. त्यानंतर दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, बीवायडी या चिनी कंपनीनं ‘सील’ नावाची विजेची सेडान आणली. सेडान म्हणजे आपली नेहमीची चार दारांची, मागे डिकी असलेली गाडी. तिच्या सगळ्यांत वेगवान प्रकाराची किंमत होती ५३ लाख रुपये. एका स्पेक्टरच्या पैशांत चौदा सील येतात आणि वर थोडी चिल्लर उरते.

५३ लाख ही काही तुमच्या-माझ्यासारख्याची रक्कम नव्हे. तालुक्याच्या गावी तेवढ्यात बरं घर उभं राहतं. तरीही जगाच्या बाजारात सील ही मोठ्या कारखान्यात हजारोंनी बनणारी, नोकरदार-व्यावसायिकांची गाडी समजली जाते. स्पेक्टर हा अतिश्रीमंतांचा मामला. एखाद्याच्या खिशात दोन्हींचे पैसे असतील, तर त्यानं कोणती घ्यावी? प्रश्न त्याचा आहे, पण उत्तर शोधताना जे हाती लागतं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे, असं मला वाटतं.

आता पहिली गंमत पाहा. जागेवरून निघून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला स्पेक्टरला साडेचार सेकंद लागतात. सीलला लागतात ३.८ सेकंद. म्हणजे चौदा पट स्वस्त गाडी पुढे निघून जाते! पेट्रोलच्या जमान्यात हे सहसा घडत नसे. तेव्हा वेग विकत घ्यावा लागे. जास्त सिलिंडर, मोठं इंजिन, नाजूक गिअरपेटी, आणि ते सगळं जुळवून आणणारे निष्णात इंजिनिअर. पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग कुठे त्यात जोर येतो. पहिलवानानं आखाड्यात उतरण्यापूर्वी शड्डू ठोकावा, तसं.

विजेच्या मोटरीचं तसं नाही. तिला वीज मिळाली की पहिल्याच क्षणी तिचा जवळजवळ सगळा पिळाचा जोर चाकाला मिळतो. तिच्यात हलणारे भाग मोजके, आणि गिअर बदलण्याची भानगडही बहुधा नाहीच. त्यामुळे वेग ही एकदम स्वस्त झालेली गोष्ट आहे. स्पेक्टरची ताकद सुमारे ५८५ अश्वशक्ती, सीलची सुमारे ५३०. ताकद जास्त असूनही स्पेक्टर मागे पडते, कारण तिचं वजन सुमारे २,९०० किलो आहे. सील २,२०० किलोच्या आसपास. आपली जुनी मारुती ८०० साधारण साडेसहाशे किलोची होती. म्हणजे एका स्पेक्टरच्या वजनात चार मारुती बसतात आणि पाचवीचा बराचसा भाग!

पण रोल्स-रॉईस घेणारा शर्यत लावायला थोडीच घेतो? त्याला हवी असते शांतता. आणि इथे या घराण्याचा इतिहास मोठा वाचनीय आहे.

हेन्री रॉईस हा मुळात विजेच्या कामातला माणूस. १८८४ साली त्यानं मँचेस्टरमध्ये जो कारखाना काढला, तिथे आधी विजेची किरकोळ उपकरणं आणि पुढे डायनॅमो, विजेवरच्या क्रेन तयार होत. त्याचा भागीदार चार्ल्स रोल्स हा खानदानी घरातला, यंत्रांचा शौकीन. दोघांची भेट झाली १९०४ साली. त्याच्याही चार वर्षं आधी, १९०० मध्ये, रोल्सनं विजेच्या मोटारीविषयी मत मांडलं होतं. तिला आवाज नाही, धूर नाही, वास नाही, ती शहरासाठी फार चांगली. मात्र ठिकठिकाणी बॅटरी भरून घेण्याची सोय होईपर्यंत तिचा व्हावा तसा उपयोग होणार नाही, असा त्या मताचा आशय. सव्वाशे वर्षांनंतरही आपण नेमकं त्याच मुद्द्यावर अडलेलो आहोत.

पुढे पेट्रोल जिंकलं आणि रोल्स-रॉईसनं शांततेचा धंदा केला. खडखडणाऱ्या इंजिनाला गप्प बसवणं हे कठीण काम होतं, म्हणून त्याची किंमत होती. १९५८ साली डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरात-लेखकानं या गाडीची जी जाहिरात केली, ती आजही त्या धंद्यातल्या पोरांना शिकवतात. ताशी साठ मैलांच्या वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो घड्याळाचा, असं तिचं म्हणणं.

आता विजेच्या प्रत्येक गाडीत इंजिनच नाही. मग शांतताही फुकट झाली का? पूर्णपणे नाही. इंजिन गप्प झालं की इतके दिवस त्याच्या आड दडलेले आवाज कानावर येऊ लागतात. टायरची घरघर, काचेशी वाऱ्याची शीळ, खड्ड्यातला धक्का. घरात पंखा बंद झाल्यावर गळणारा नळ ऐकू यावा, तसं. हे उरलेले आवाज मारायला वजन लागतं, जाड काच लागते, दाराची रबरं नीट बसावी लागतात, खाली मऊ आणि हुशार स्प्रिंगा लागतात. स्पेक्टरच्या तळाशी जवळजवळ ७०० किलोची बॅटरी आहे, आणि रस्त्याचा आवाज अडवायलाही तिचा उपयोग होतो, असं कंपनी सांगते. स्पेक्टरचा थोराडपणा हा असा मुद्दाम पत्करलेला आहे. सीलही शांत आहे, पण शांततेच्या शेवटच्या पायऱ्या फार महाग असतात.

शांततेलाही प्रमाण लागतं, हे आणखी एक. याच कंपनीची २०२० सालची ‘घोस्ट’ ही पेट्रोलची गाडी इंजिनिअरांनी इतकी निःशब्द केली, की आत बसणाऱ्याला अस्वस्थ वाटू लागलं. मग त्यांनी तिच्यात मुद्दाम एक मंद सूर ठेवला. कवितेतल्या दोन ओळींमधली मोकळी जागा किती असावी, याचा विचार आम्ही मंडळी करतो. तिकडे इंजिनिअर करतात.

आता पल्ल्याकडे वळू. एकदा बॅटरी भरली की गाडी किती जाईल? स्पेक्टरसाठी आकडा सांगतात ५३० किलोमीटर. भारतात सीलच्या या वेगवान प्रकारासाठी सांगतात ५८०. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवण्यापूर्वी थांबलं पाहिजे, कारण त्यांच्यामागचं माप वेगळं आहे. पहिला आकडा डब्ल्यूएलटीपी या नव्या चाचणीचा, दुसरा एनईडीसी या जुन्या आणि सैल चाचणीचा. सीलच्या याच प्रकारचा पल्ला युरोपात नव्या चाचणीनुसार ५२० किलोमीटर सांगितला जातो. गाडी तीच, माप बदललं की साठ किलोमीटर गळाले. विजेची कोणतीही गाडी घ्या, अगदी स्कूटर घ्या. आकडा विचारण्याआधी माप कोणतं, ते विचारा. आणि उन्हाळ्यात एसी लावून, घाट चढून, महामार्गावर भरधाव गेलं की दोन्ही आकडे खाली येणार, हे धरूनच चाला.

या दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील अशी एक जागा आहे, ती म्हणजे चार्जरची. स्पेक्टरची बॅटरी सुमारे १०२ युनिटांची, सीलची साडेब्याऐंशी. जलद चार्जरवर स्पेक्टर १९५ किलोवॉटपर्यंत आणि सील १५० किलोवॉटपर्यंत वीज घेऊ शकते. पण आपल्याकडे रस्त्याकडेला जो चार्जर भेटतो तो बऱ्याचदा साठ किलोवॉटचा किंवा त्याहून कमी. तिथे दहा टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत यायला सीलला तासभर लागेल आणि स्पेक्टरला त्याहून दहा-बारा मिनिटं जास्त. साडेसात कोटीवाल्यालाही ढाब्यावर चहा पीत बसणं आलंच. चार्जर कुळशील विचारत नाही.

विजेचं बिल हाही निवडीचा मुद्दा होऊ शकत नाही. शंभर किलोमीटरला सीलला ढोबळमानानं १९ युनिट धरा, स्पेक्टरला २३. युनिटचा दर वीस रुपये मानला, तर फरक पडतो ऐंशी रुपयांचा. खरा खर्च दुसरीकडे आहे. दोन्ही गाड्यांच्या किमतींतला फरक सुमारे सात कोटींचा. तो सहा टक्के व्याजानं ठेवला तर वर्षाला बेचाळीस लाख रुपये येतील. म्हणजे दर पंधरा महिन्यांनी एक नवी कोरी सील, नुसत्या व्याजात! स्पेक्टर घराच्या बाहेर काढा किंवा न काढा, तिचा हा अदृश्य खर्च चालूच राहतो.

मग हे सात कोटी जातात कुठे? बरेचसे आयात शुल्कात, कारण ती इंग्लंडमधल्या गुडवुडच्या कारखान्यातून पूर्ण बांधून येते. बाकीचे जातात माणसांच्या हातांत आणि नावाच्या मोलात. गाडीच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जी बारीक रेषा असते, ती हातानं कुंचल्यानं ओढतात. चामड्याची शिवण, लाकडाच्या पट्ट्यांचे जुळवलेले रेषे हेही हाताचं काम. स्पेक्टरच्या दारांच्या आतल्या अंगाला ४,७९६ मिणमिणते दिवे चांदण्यासारखे बसवून घेता येतात. एवढ्या चांदण्या कुणी मोजायच्या, असा प्रश्न मला पडला. पण बसवणाऱ्यानं मोजल्याच असणार.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. येवल्याची हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची पैठणी, दोन्ही नेसता येतात. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. हातमागाची पदराच्या मागच्या बाजूनंही तशीच देखणी असते आणि तिच्यात विणकराचे आठवडे, कधी महिने गेलेले असतात. तो वेळ आपण विकत घेतो. त्यात गैर काही नाही. उलट कारागिराचा हात जिवंत राहतो तो अशाच गिऱ्हाइकांमुळे. पण पैठणी विकत घेणारी बाई ‘मी ऊब मिळावी म्हणून घेतली’ असं म्हणत नाही. ती कशासाठी घेतली, हे तिला ठाऊक असतं.

माझा भाचा पुण्यात मोटारींच्या एका दालनात विक्रीचं काम करतो. मी त्याला विचारलं, “अरे, गिऱ्हाईक आधी काय विचारतं?” तो म्हणाला, “मामू, किंमत शेवटी विचारतात. आधी विचारतात, ही अजून कुणी घेतली?” मला हे उत्तर फार खरं वाटलं. काहींना ‘कुणीच घेतली नाही’ हे ऐकायचं असतं, काहींना ‘पुष्कळांनी घेतली’ हे. पहिल्यांना वेगळेपण हवं असतं, दुसऱ्यांना भरवसा. स्पेक्टर आणि सील यांतली निवड शेवटी इथे येऊन ठेपते.

भरवशाचाही थोडा विचार करू. रोल्स-रॉईसची कीर्ती अशी की गाडी आजोबांकडून नातवाकडे जावी. आपल्या संस्थानिकांनी घेतलेल्या गाड्या आजही जुन्या मोटारींच्या मेळाव्यात ऐटीत चालतात, कारण लोखंडी इंजिन चांगला मिस्त्री पुन्हा उभं करू शकतो. बॅटरीचं तसं नाही. ती वापरली तरी झिजते, न वापरली तरी वयानं थकते, आणि तिचं रसायन दर काही वर्षांनी पुढे जातं. चामडं आणि लाकूड पन्नास वर्षं टिकेल. त्याच गाडीतला पडदा आणि त्यामागचं सॉफ्टवेअर दहा वर्षांत म्हातारं दिसू लागेल. पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याचं वचन आणि मोबाइलसारखं जुनं होणारं काळीज, अशी ही अडचण आहे.

बीवायडी ही १९९५ साली चीनमधल्या शेन्झेनमध्ये निघालेली कंपनी. सुरुवात मोबाइलच्या बॅटऱ्यांची. रॉईसचा कारखाना जसा विजेपासून सुरू झाला, तशीच हीही. सीलमधली ‘ब्लेड’ बॅटरी लिथियम, लोह आणि फॉस्फेटची आहे. तिच्यात निकेल आणि कोबाल्ट नाही. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतल्या खाणींतून येतं आणि तिथे लहान मुलांनाही राबवलं जातं, हे अनेकदा उघड झालेलं आहे. म्हणून ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सीलचे धोके वेगळे. तीही परदेशातून बांधून आणलेली आहे आणि दोन देशांचे संबंध बिघडले तर सुटे भाग कधी येतील, हे गिऱ्हाइकाच्या हाती नाही. घ्यायच्या आधी जवळचं सेवा केंद्र कुठे आहे, हे पाहिलंच पाहिजे.

आता आपल्या सगळ्यांचा जो मुद्दा आहे, त्याकडे येतो. विजेच्या वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी आहे पाच टक्के. रिक्षा असो, दूधवाल्याची स्कूटर असो की साडेसात कोटींची मोटार, दर एकच. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे टप्पे बदलले, पेट्रोल-डिझेलच्या मोठ्या मोटारी चाळीस टक्क्यांत गेल्या. विजेच्या गाड्या पाच टक्क्यांतच राहिल्या. आपल्या राज्यातही मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात तो मागे घेतला गेला. असा कर लावून तिजोरीत फारसं काही पडणार नाही आणि लोकांना उलटा संदेश जाईल, असं कारण सांगितलं गेलं.

कारणात तथ्य नाही असं नाही. पण सवलत कशासाठी दिली होती, हे विसरून चालणार नाही. शहराची हवा सुधारावी, तेलाचं परावलंबन कमी व्हावं, म्हणून. आता हिशेब पाहा. दोन माणसांना तीन टनांच्या गाडीत बसवून नेणारी वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातूनही येते. टायर झिजतात, त्यांची धूळ उडते, ती जड गाडीची जास्त उडते. १ जून २०२२ रोजी पुणे ते अहमदनगर एसटीची पहिली विजेची बस धावली, ‘शिवाई’. तिच्यात चाळीसेक माणसं बसतात. एकाच रुपयाची सवलत शिवाईला दिली आणि स्पेक्टरला दिली, तर हवेला कोणाचा उपयोग जास्त? याचं उत्तर द्यायला अर्थशास्त्री लागत नाही.

तेव्हा माझं मत सांगून टाकतो. ज्याला रोज गाडी चालवायची आहे, मुलंबाळं मागं बसवायची आहेत, वेगाची हौस आहे, त्यानं सीलसारखी सेडान घ्यावी. तिला चार दारं आहेत. स्पेक्टरला दोनच आहेत आणि ती साडेपाच मीटर लांब. आपल्या गल्लीत ती वळवताना शांतता बाहेरच्यांकडून भंग पावणार! गाडी म्हणून पाहिलं, तर चौदा पट पैशांनी चौदा पट काहीच मिळत नाही, शंभरात दहा-वीस गोष्टी थोड्या जास्त चांगल्या मिळतात. ज्याच्याकडे पैसा आहे आणि हस्तकलेवर जीव आहे, त्यानं स्पेक्टर खुशाल घ्यावी. फक्त ती कला म्हणून घ्यावी, हौस म्हणून घ्यावी. पर्यावरणाची सेवा म्हणून तिची पावती मागू नये, आणि करात सूटही मागू नये.

आपल्यापैकी बहुतेकांपुढे ही निवड येणार नाही. पण स्कूटर घेताना, मोबाइल घेताना, मुलीच्या लग्नाची साडी घेतानाही हाच प्रश्न दुकानात आपल्याआधी येऊन उभा असतो. त्या वेळी वस्तूवरचं नाव मनातल्या मनात हातानं झाकून पाहावं. नाव झाकल्यावरही जी हवीशी वाटते, ती घ्यावी. नाव झाकताच जिची ओढ संपते, तिची किंमत पुन्हा एकदा मोजून पाहावी. आणि तरीही ती घ्यायचीच असेल, तर आपण नावाचे पैसे देतो आहोत, एवढं निदान स्वतःशी तरी कबूल करावं.